डावीकडे

हेमू ढमढेरेकडे माझे तीन जीव बाकी आहेत.
शहाण्णवच्या मे महिन्यात, बर्फाच्या टप्प्यावर नेलेले.
तेव्हा तशी सोय होती: आपले संपले
की दोन्ही बटणं एकदम दाबायची
आणि जोडीदाराचा एक आपल्या अंगात यायचा.
विचारायचं वगैरे नाही.

पद्मावतीला त्यांच्या दोन खोल्या.
त्याची आई शिलाई मशीन थांबवून ओरडायची,
"अजून मेलात नाही का रे?"
पानं वाढायची असायची तिला.

गुरुवारी वीज जायची.
दोन तास लढून शेवटच्या राक्षसासमोर
अख्ख्या टीव्हीचा एक ठिपका व्हायचा, मग तोही नाही.
कुठे काही साठून राहत नसे.
वीज आली की पुन्हा पहिलं जंगल, पहिली उडी,
आणि त्याचं आम्हाला काहीच वाटायचं नाही,
हे खोटं.
हेमू एकदा रडला होता.
मी तोवर कॅसेट पुसत बसलो, बनियनच्या टोकानं.

कॅसेटवर छापलेलं असायचं, नऊ हजार नऊशे नव्याण्णव.
आत सात.
बाकी तेच, रंग बदलून.
ती सवय अजून जात नाही:
भिंतीवर नवं कॅलेंडर लागलं
की मी बघतो, यातले वेगळे किती.

चालेना की आम्ही फुंकर मारायचो.
आता तपकीर गल्लीतला रावळ सांगतो,
फुंकरीनं काही होत नव्हतं साहेब,
उलट पिना गंजायच्या.
जुन्या हँडलचे साडेतीनशे त्याच्या हातावर ठेवले
आणि गल्लीत येऊन जरा उभा राहिलो.

खोटं कशाला बोलू, नवे गेम मला आवडतात.
ऋताच्या मशीनवर गवताचं एकेक पातं वेगळं हलतं.
घोड्याला तहान लागते.
नव्वद जीबी उतरवण्यात एक रात्र जाते,
तेवढं सोडलं तर तक्रार नाही.
हां, ती टोपी मला कळत नाही.
पाचशे रुपयांची टोपी, जी पावसात भिजत नाही
आणि धुवायलाही टाकता येत नाही.
ऋता म्हणते, बाबा, तू महिन्याला चहावर किती घालवतोस?
मी विषय बदलतो.

ती कानांना डबे लावून खेळते,
जळगावचा कुणी एक, पोलंडची कुणी एक.
मला वाटायचं एकटीच बडबडते आहे.
तर तो जळगावचा रोज आधी विचारतो, जेवलीस का.

परवा तिनं मला हँडल दिलं. सोळा बटणं.
माझे अंगठे दोन बटणांचे.
पूल दिसला, तोफा दिसल्या,
सगळं सैन्य उजवीकडे पळत होतं.
मी डावीकडे वळलो.
"बाबा, तिकडे काही नाहीये."

नसू दे.
आमच्या वेळी डावीकडे जाताच येत नसे गं.
पडदा पाठीमागून मिटत यायचा,
बाजीराव रस्त्यासारखं, शिरलात की पुढेच,
मागे राहिलेलं दुकान राहिलं.
म्हणून चालत राहिलो.
एक ओढा. पडकं कुंपण.
एक बदक, ज्याला मारायचे काही गुण नव्हते.
कुणीतरी पगारावर, कुठल्या तरी ऑफिसात
हे बदक बसवलं असणार,
चुकून कुणी इकडे आलंच तर म्हणून.

ऋतानं पाच मिनिटं सोसलं, मग झोपायला गेली.
जाताना म्हणाली, सेव्ह नको करूस, आपोआप होतं.

हेमू हडपसरला असतो.
शेवटचं भेटलो ते त्याच्या भाचीच्या लग्नात,
गुडघ्यांबद्दल बोललो.
साडेबारा वाजले होते. मी लिहिलं:
तीन जीव. कधी देतोयस?

निळ्या खुणा झाल्या.
मग बराच वेळ तो टाइप करतोय, थांबतोय, करतोय.

"दोन.
तिसरा तू आपणहून दिला होतास,
वीज जायच्या आधी."

मला तसं काही आठवत नाही.
बदक ओढ्यात गोल फिरत होतं.
मी अजून हँडल खाली ठेवलं नव्हतं.